मीठ बघ गो

काकांनी आईच्या ताटावर हात आडवा धरला. पालथा पंजा, डाळभाताच्या बरोबर वर, वाढणाऱ्याला आपण नको म्हणताना धरतो तसा. फक्त ते ताट त्यांचं नव्हतं.

“वयनींना नको,” ते म्हणाले. तोंडात घास होता, तो एका गालात सारून म्हणाले. “त्या घेत नाहीत. तुला ठाऊक आहे ना?”

मी उलथन्यावर सॅल्मनचा तुकडा तोलत उभी होते. तुकडा गरम होता, तेलाचे दोन थेंब टेबलावर पडले.

“मला ठाऊक आहे,” मी म्हणाले. “हात काढा, काका.”

“अगो, पण—”

“हात काढा. भाजेल.”

माझा राग हा आमच्या घरात थट्टेचा विषय होता. आधी कानाच्या पाळ्या लाल होतात, मग आवाज बारीक होतो, आणि आवाज बारीक झाला की शहाण्याने उठून अंगणात जावं, असं काका पाहुण्यांना सांगायचे. त्या दिवशी माझा आवाज इतका बारीक झाला होता की मलाच तो दुसऱ्या कुणाचा वाटला.

ही दोन हजार चार सालच्या जूनमधली गोष्ट. आम्ही तेव्हा नॉर्वेत, स्टाव्हांगरला राहत होतो. माझा नवरा श्रीरंग तेलकंपनीत इंजिनिअर, तो दोन-दोन आठवडे समुद्रात तेलविहिरीच्या फलाटावर असायचा. त्या रविवारीही तो तिकडेच होता. आई वेंगुर्ल्याहून पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती. तिला एकटीला तीन विमानं बदलणं जमणार नव्हतं म्हणून काका सोबत आले होते. आठ दिवस माझ्याकडे राहून ते लंडनला मुलाकडे जाणार होते. मी ते आठ दिवस बोटांवर मोजत होते.

माझे वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आई एकतीसची. बाबांचे धाकटे भाऊ म्हणजे हे काका, हायस्कूलात मास्तर. आम्ही दोघी त्यांच्याच घरात राहिलो. काकूंना दमा होता, चुलीचा धूर सोसायचा नाही, म्हणून स्वयंपाक आईकडे आला आणि तिच्याकडेच राहिला. आमचं घर सारस्वताचं, मासळीशिवाय पान हलायचं नाही. रोज सकाळी मासळीवाली अंगणात टोपली उतरवायची. आई कल्ले उघडून बघायची, घासाघीस करायची, मासे साफ करायची, वाटण वाटायची, तिरफळं ठेचून घालायची. बारा वाजता सगळ्यांना वाढायची. आणि मग स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून स्वतः ताकभात जेवायची. विधवेने मासळी खायची नाही, म्हणून.

तिच्या हातच्या आमटीसाठी कुडाळ-सावंतवाडीचे पाहुणे वाट वाकडी करून यायचे. आणि त्या आमटीचा थेंब तिच्या जिभेला लागत नव्हता.

मग मीठ कसं कळायचं? मी सांगायचे. डावाच्या टोकाने ती माझ्या तळहातावर आमटीचा थेंब टाकायची आणि म्हणायची, “मीठ बघ गो.” मी चाटायचे, डोळे मिटून विचार केल्यासारखं करायचे आणि सांगायचे, चिमूटभर हवं, किंवा पुरे. या कामाचा मला भयंकर गर्व होता. शाळेत मुली आपापल्या आयांच्या बांगड्यांबद्दल बोलायच्या तेव्हा मी सांगायचे, आमच्या घरची आमटी माझ्यावाचून होत नाही.

मोठी झाले तसा गर्व गेला आणि त्या जागी राग आला. पुण्याला शिकायला गेले, तिथे घरची मालवणी सोडून पुस्तकी मराठी बोलू लागले. सुट्टीत घरी आले की काकांच्या ताटातले काटे बघूनच मला तिडीक यायची. हे चाटूनपुसून खाणार आणि ती ताकभात. मी आईला म्हणायचे, चल माझ्याबरोबर. ती म्हणायची, “तू शिक. माझा काय?” तिने मला चुलीपाशी कधी उभं केलं नाही. त्यामुळे मीठ बघण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, पण मासा तळायला मला येत नव्हता.

ते नॉर्वेत आल्यावर कळलं. सॅल्मन मी सुरमईसारखा केला. हळद-मीठ लावलं, सोलांच्या म्हणजे कोकमाच्या आगळात अर्धा दिवस ठेवला, रव्यात घोळवून भरपूर तेलात तळला. त्याची स्वतःचीच चरबी इतकी की कढईत धुराचा लोट उठला, आणि ताटात आला तो नारळाच्या सोडणासारखा कोरडा, चिवट. श्रीरंग मुळात वाईचा, शाकाहारी घरातला. तो म्हणाला, “मासा असाच असतो का?” त्यानंतर दोन वर्षं मी घरात मासा आणला नाही.

आई येणार हे ठरलं तेव्हा मी शेजारच्या सोल्वैगला गाठलं. ती साठीची, निवृत्त नर्स, बोलायला खडबडीत. तिने विचारलं, “आईला कुठला मासा आवडतो?”

“बांगडा,” मी म्हणाले. “पण तिने सत्तावीस वर्षांत खाल्लेला नाही.”

“आजारी आहे?”

मी तिला सगळं सांगितलं. तिने बटाटे सोलायचं थांबवलं.

“खाऊ नको म्हणून कुणी सांगितलं तिला?”

“माझ्या काकांनी,” मी म्हणाले. क्षणभरही थांबले नाही.

सोल्वैगने मला चार रविवार शिकवलं. मासा कागदाने अगदी कोरडा टिपायचा. पाव तास आधी मीठ लावायचं. तवा नीट तापला की साल खाली करून ठेवायचा आणि अर्धा मिनिट उलथन्याने दाबून धरायचा. त्यानंतर हात लावायचा नाही. याच पायरीला मी दर वेळी चुकायचे. करपेल, चिकटेल, तुटेल, अशी भीती वाटून उलथनं खाली घालायचे, आणि साल तव्याला आणि मासा माझ्या हाताला. ती ओरडायची, “खरवडू नकोस! तयार झाला की तो आपणहून सुटतो. कडेचा रंग बघ आणि गप्प उभी राहा.” चौथ्या रविवारी मी गप्प उभी राहिले आणि तो सुटला. त्या दिवशी मी ठरवलं, माझ्या घरात, माझ्या टेबलावर, काकांच्या डोळ्यांसमोर आई मासा खाणार. काका लंडनला गेल्यावर नाही. त्यांच्यासमोर.

आता तो रविवार.

आई सकाळपासून स्वयंपाकघरात उंच स्टुलावर बसून माझ्यावर पहारा करत होती. मी तुकडे बाहेर काढले तेव्हा ती वाकून हुंगू लागली.

“ह्येका डोक्या नाय?”

“इथे असाच मिळतो, आई.”

“कल्ले बघूक नाय, डोळे बघूक नाय, आणि घेतलंस?” तिला हे पटेना. “आणि वास कसो नाय? मासो तो मासो, वास नको?”

मी हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसले असेन. तुकडे टिपले, साल कोरडी केली. मिठाची बरणी हातात घेतली, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून काकांचा आवाज आला. ते लंडनला मुलाशी फोनवर बोलत होते.

“वयनी मजेत आहेत रे. त्यांचं काय, दोन घास डाळभात मिळाला की समाधान. सत्तावीस वर्षं झाली, पण एका शब्दाने कधी तक्रार नाही.”

मी बरणी ओट्यावर ठेवली आणि दारात जाऊन उभी राहिले. फोन संपेपर्यंत उभी राहिले.

“काका, तुम्ही तिला कधी विचारलंत?”

“काय?”

“काय हवंय ते.”

काका हसले. त्यांचे वरचे दात नवे होते, हसताना ते थोडे पुढे यायचे. “वयनींना काय विचारायचं गो? देवमाणूस आहेत त्या.”

तो शब्द माझ्या टाळूला चिकटून बसला. देवमाणूस म्हटलं की बरं असतं. ताटात काय वाढलंय ते बघावं लागत नाही.

“अगो, तेल तापला!” आई आतून ओरडली. मी धावत आत गेले, तुकडे उचलले आणि साल खाली करून तव्यात सोडले. चर्रकन आवाज झाला. मी दाबून धरलं, मनातल्या मनात तीस मोजले आणि उलथनं बाजूला ठेवलं.

आईचा जीव वरखाली होऊ लागला.

“उलथ गो आता. करपतलो.”

“नाही. आपणहून सुटेल.”

“आपणहून कसो सुटात? मासो काय बोलान सांगतलो?” ती स्टुलावरून उतरून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिची बोटं पदराशी चाळा करत होती. एवढी वर्षं तव्यावर राज्य केलेल्या बाईला नुसतं बघत उभं राहायला लावणं हीसुद्धा शिक्षाच. कडेने मासा फिका होत वर चढत गेला, आणि मग भेगांतून पांढरं पांढरं काहीतरी बाहेर येऊ लागलं.

“ह्या पांढरा काय इला? जाळ कमी कर. आधी कमी कर.”

तिने हा मासा जन्मात पाहिला नव्हता. सोल्वैगने मला हेच सांगायला दोन रविवार घेतले होते. मी आच कमी केली, पांढरं थांबलं. थोड्या वेळाने मी उलथनं खाली घातलं आणि तुकडा अलगद वर आला. साल सोनेरी, एकसंध, पापडासारखी.

“सुटलो गो!” आई लहान मुलीसारखी म्हणाली. मग लगेच, “आता साल काढतलंस ना?”

“नाही. साल खायची असते.”

“शी. साल कोण खाता?”

टेबल मांडलं. आईसाठी मी डाळभात आणि कोबीची भाजी आधीच वाढली होती, म्हणजे तिला संशय येणार नाही. पहिला तुकडा काकांना दिला. त्यांनी एक घास घेतला, दुसरा घेतला, सालीचा तुकडा कुरकुर चावला.

“वा! झकास जमलाय. मीठबीठ अगदी बेतात,” ते म्हणाले.

मी दुसरा तुकडा उचलला आणि आईच्या ताटाकडे वळले. तेव्हा त्यांनी तो हात आडवा धरला होता.

“भाजेल,” मी पुन्हा म्हणाले.

त्यांनी हात काढला. मी तुकडा आईच्या डाळभाताशेजारी ठेवला. आई त्याच्याकडे बघत राहिली, मग दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली.

“माका नको गो.”

“का नको?”

“सवय ऱ्हवली नाय.”

“सवय कुणी मोडली ते सांग ना!” मी अजून उभीच होते. “हे बसलेत इथे. सांग त्यांच्या तोंडावर. सत्तावीस वर्षं यांना रोज मासा रांधून घातलास. रोज! काटे यांनी काढायचे आणि ताकभात तू खायचा. यांनी सोडायला लावली तुला मासळी, आणि आज माझ्या घरात येऊन तुझ्या ताटावर हात धरतात. कुठला हक्क?”

“मी?” काकांचा घास हातात राहिला. “मी सोडायला लावली?”

“मग कुणी? बाबांनी स्वर्गातून निरोप पाठवला?”

“भावोजी,” आई म्हणाली, “तुम्ही गप रवा.”

“नाही वयनी, हे काय आता? मी काय सांगितलं हिला? कधी सांगितलं?”

“गप रवा म्हणतंय मी.”

मी आईकडे बघितलं. ती काकांकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर भीती होती. काकांची नव्हे. ते काय बोलतील याची.

काकांनी हात ताटात झटकला. ते सहसा चिडत नसत. आता चिडले होते, आणि चिडले की त्यांचीही मास्तरांची भाषा सुटायची.

“सत्तावीस वर्सां हिचे डोळे बघतंय मी,” ते आईला म्हणाले. “सुट्टीत घरी इली की माझ्या ताटाकडे असा बघता, जसो काय मी कोणाचो जीव घेतलंय. लग्नात पाया पडली ती दात खाऊन. तुम्ही सांगितलात म्हणून आजवर बोललंय नाय. पण आता पुरे.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मी सांगूक नाय गो. तू सांगितलंस.”

“काय?”

“तुझे बाबा गेले. तेराव्यानंतर घरात परत मासळी येऊ लागली. वयनी पंगतीला बसत नसत, चारचौघांत मासळी घेत नसत, ते कुणी सांगितलं नव्हतं, तसंच चालत आलेलं. पण कढईतला एक तुकडा रोज कमी असायचा. मला कळत होतं. मी डोळेझाक केली. म्हटलं, जेवतायत ना आत? जेवू देत.” ते थांबले. पाणी प्यायले. “मग एक दिवस पडवीत चार माणसं बसली होती. कुडाळचे सोयरे, शेजारचे अण्णा, उपाध्ये. आणि तू आतून धावत आलीस.”

मला पुढचं ऐकायचं नव्हतं, कारण मला ते दिसू लागलं होतं. पडवीचा उंबरा. पायाखाली शेणाने सारवलेली थंड जमीन. उपाध्यांच्या हातातली सुपारी.

“आई जेवता!” मी ओरडले होते. “आई बांगडो खाता!”

टाळ्या वाजवत ओरडले होते. बाबा गेल्यापासून आई आमच्याबरोबर जेवत नव्हती. ती पण जाणार, असं मला रोज वाटायचं. आणि त्या दिवशी मी दाराआडून बघितलं की ती चुलीशी बसून भाताबरोबर बांगडा खातेय, भरभर, भूक लागल्यासारखी. मला इतका आनंद झाला की तो पडवीत जाऊन सांगितल्याशिवाय राहवेना.

“कोणी काही बोललं नाही,” काका म्हणाले. “उपाध्ये तेवढे खाकरले. वयनींनी आत चूळ भरली, तिचा आवाज बाहेर ऐकू आला. दुसऱ्या दिवसापासून कढईतला तुकडा कमी होईना.”

दुसऱ्या दिवसापासून. त्याआधी आई मीठ स्वतःच बघत होती. डावाचं टोक ओठाला लावून बघत होती. ‘मीठ बघ गो’ हे त्याच्यानंतरचं होतं. ज्या कामाचा मी शाळेत तोरा मिरवला, ते मला तिच्या तोंडातला घास काढून मिळालं होतं.

“तुका आनंद झालो होतो,” आई घाईघाईने म्हणाली. “नऊ वर्सांचा पोर तां, तेका काय कळता? म्हणून मी भावोजींका सांगितलंय, हिका कधी बोलू नकात. जल्मभर मनाक लावून घेयत.”

“आणि मी त्यांच्यावर राग धरलेला चालला तुला?”

काकांनी मान खाली घातली होती. मला वाटलं, आता मला रडू येईल. आलं नाही. राग होता तसाच होता, फक्त त्याला बसायला जागा मिळत नव्हती. या बाईने मला वाचवायला एका माणसाला सत्तावीस वर्षं माझ्यापुढे गुन्हेगार म्हणून उभं केलं, आणि तो माणूस उभा राहिला. दोघांचा मला इतका संताप आला की हातातलं उलथनं मी सिंकमध्ये फेकलं. आई दचकली.

“बरं,” मी काकांना म्हणाले. “मी सांगितलं. कबूल. नऊ वर्षांची होते, पण मीच सांगितलं. तुम्ही किती वर्षांचे होतात?”

“म्हणजे?”

“किती वर्षांचे होतात?”

“चौतीस.”

“चौतीस. मास्तर होतात. घर तुमचं, पडवी तुमची, पाहुणे तुमचे. तुम्ही काय बोललात तेव्हा?”

“चार माणसांत काय बोलणार गो? लोक काय—”

“खाऊ दे तिला.” माझा आवाज आता बारीक नव्हता. वरच्या मजल्यावर ऐकू गेला असेल. “एवढंच. खाऊ दे तिला. तीन शब्द आहेत, काका. उपाध्ये खाकरले तेव्हा म्हणायचे होते. नाहीतर दुसऱ्या दिवशी, आत येऊन. नाहीतर त्यानंतर कधीही, कुठल्याही दुपारी, ताट पुढे ओढताना. डोळेझाक केलीत म्हणे! डोळेझाक तुम्ही तिच्या भुकेवर केलीत.”



मी आईच्या ताटातल्या सॅल्मनचा जाड बाजूचा एक पापुद्रा बोटांनी सोडवला, कडेच्या कुरकुरीत सालीसकट. तिचा हात मांडीवरून उचलून घेतला, तळवा उघडला. तिचा तळवा गार होता. पापुद्रा त्यावर ठेवला.

“मीठ बघ गो,” मी म्हणाले. घरची भाषा माझ्या तोंडात पंधरा वर्षांनी आली.

आईने काकांकडे बघितलं. मीही बघितलं. अजून वेळ होती. तीन शब्द, फक्त आम्ही तिघंच होतो, उपाध्ये मरून वीस वर्षं झाली होती. काका ताटाकडे बघत राहिले.

मग आईने त्यांच्यावरची नजर काढली आणि तळहात तोंडाशी नेला. हळूहळू चावलं. साल दाताखाली कुरकुरली. डोळे मिटले. तिच्या कपाळावर आठी पडली, मग दुसरी.

“अगो,” ती म्हणाली, “ह्येका मीठच नाय!”

मला आधी कळेना. मग ओट्यावरची बरणी दिसली, झाकण बंद. काकांचा फोन ऐकत मी ती ठेवली ती ठेवलीच. घरची जीभ म्हणून मिरवणारी मी, आणि मी स्वतः एक कण चाखला नव्हता.

“पण काका,” मी म्हणाले, “तुम्ही अर्धा तुकडा संपवलात. म्हणालात, मीठ बेतात आहे.”

काका ओशाळले. “कळला होता गो. पण तू इतक्या हौसेन केलंस. बोलू कसा?”

हेच. तेव्हाही हेच झालं होतं. कळत त्यांना सगळं होतं.

“भावोजी,” आई म्हणाली, “ती मीठदाणी हंय सरकवा.”

काकांनी तोच हात, ताटावर धरलेला, पुढे केला आणि मीठदाणी तिच्यापाशी सरकवली. पुढे मी हे ज्यांना ज्यांना सांगितलं ते म्हणाले, बघ, त्यांना बोलता आलं नाही पण त्यांनी मीठ तर दिलं. दिलं. मला ते पुरलं नाही, आजही पुरत नाही. काका त्यानंतर आठ वर्षं जगले आणि ते तीन शब्द त्यांच्या तोंडून आले नाहीत. मी त्यांना माफ केलेलं नाही. टाळ्या वाजवत पडवीत धावलेल्या त्या पोरीलाही नाही, तिला माफ कर म्हणून आई मरेपर्यंत मला सांगत होती तरीही.

आईने मीठ चिमटीत घेऊन तुकड्यावर भुरभुरवलं, बोटांनी जरा चोळलं. डाळभात एका बाजूला सारला. जेवू लागली. भरभर, भूक लागल्यासारखी. मी अजून उभीच होते. अर्धा तुकडा संपल्यावर तिने मान वर केली.

“बस गो, जेव आता,” ती म्हणाली. मग माझ्या रिकाम्या खुर्चीसमोरच्या ताटाकडे, तिथे ठेवलेल्या तिसऱ्या तुकड्याकडे बघत म्हणाली, “आणि तुझी साल खाव नको. माका दी.”